खंडेनवमीचा ट्रान्सफॉर्मर

१

रविकांत वाळिंबे यांची विद्युत्-शक्ती या विषयाच्या वरिष्ठ प्राध्यापकपदी एकमताने नेमणूक झाली. टाळ्या झाल्या, पेढे झाले, हारही झाला.

हे वाचकांनी आता विसरावं. नगरच्या जिल्हा यंत्रविद्या मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब टोकेकर हेसुद्धा ते लगेच विसरले. कारण हा ठराव झाला तेव्हा मुलाखती अजून व्हायच्या होत्या.

"सबनीसबाई, हे अजून घडलेलं नाही बरं का," त्यांनी इंदू सबनीसला बजावलं. "तुम्ही आत्ता लिहिलंत ते दसऱ्याला घडेल. तोवर आपल्याला काही माहीत नाही."

इंदू मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची. पुण्याला विद्यापीठ होणार, त्याला आपलं कॉलेज जोडायचं, तर एक भारदस्त प्राध्यापक हवा आणि निवड समितीत शास्त्र जाणणारं एक तरी माणूस हवं, असं मंडळाला कुठूनसं कळलं होतं. शास्त्र जाणणाऱ्या बाकीच्या मंडळींशी आप्पासाहेबांचं भांडण होतं, म्हणून इंदूला बोलावणं आलं. तिला मत नव्हतं. खुर्ची होती, तीही हलणारी. समितीत तिसरे होते शामकांत वकील. ते झोपलेले असत, आणि झोपेत मान डोलावत. ती मान संमती म्हणून धरली जाई.

उमेदवार दोन. पहिला रविकांत, म्हणजे आप्पासाहेबांचा जावई. तो विलायतेला जाऊन आला होता. तिथे काय शिकून आला, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. जावयाला असं विचारत नाहीत.

दुसरे गहिनीनाथ लाळगे. कर्जत तालुक्यातल्या एका कोरड्या गावचे, शेतकऱ्याघरचे. घरात नाथांची भक्ती म्हणून नाव गहिनीनाथ. शिष्यवृत्त्यांवर शिकत शिकत ते मद्रासकडे पोचले आणि केस पांढरे होईपर्यंत तिथल्या कॉलेजात वीज शिकवत राहिले. आपल्या जिल्ह्यात कॉलेज निघतंय हे वाचलं मात्र, तिथली नोकरी सोडून ट्रंक घेऊन आले. बरोबर एक लाकडी पेटी होती. तिच्यात त्यांनी स्वतः तारा गुंडाळून लोखंडी डब्यात बसवलेला छोटा ट्रान्सफॉर्मर. विजेचा दाब वाढवायचा, बारीक तारेने ती लांब न्यायची आणि पलीकडे दाब उतरवून दिवा लावायचा, हे ते समितीला दाखवणार होते.

"नगरहून कर्जतला वीज कशी जाईल, ते ह्या दिवाणखान्याएवढ्या जागेत दाखवतो," ते म्हणाले.

"कर्जतला कशाला?" आप्पासाहेबांनी विचारलं. त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

मुलाखतीचा दिवस आप्पासाहेबांनी पंचांग बघून काढला, आणि निघाली खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारं-अवजारं पुजायची आणि त्यांना विसावा द्यायचा. सुतार पटाशी उचलत नाही, न्हावी वस्तरा उघडत नाही. गावच्या वीजघरातलं इंजिनसुद्धा हार घालून गप्प बसतं ते थेट दसऱ्याच्या सकाळपर्यंत. त्यामुळे नवमीला तोंडी प्रश्न झाले. लाळग्यांना मामाचं आडनाव विचारलं. रविकांतला चहा विचारला. दोघांनीही बरोबर उत्तर दिलं.

लाळग्यांचा ट्रान्सफॉर्मर इतर यंत्रांबरोबर पुजला गेला आणि मंडळाच्या खोलीत कुलपात गेला. दसऱ्याच्या सकाळी वीजघर धडधडू लागलं. समिती बसली. लाळग्यांनी तारा जोडल्या. आधी झाकण काढून एकदा आतून बघतो, असं ते म्हणत होते.

"मुहूर्त टळतोय," आप्पासाहेब गरजले. "चालू करा."

लाळग्यांनी बटण वर केलं. भिंतीवरचा फ्यूज फट्‌दिशी उडाला. खोलीतला दिवा गेला. दुसरं काहीही झालं नाही. लाळग्यांनी झाकण काढलं. आतल्या तारा जळून कोळसा झाल्या होत्या.

"जळाला!" आप्पासाहेब म्हणाले. मुलगा झाल्याची तार आल्यावर माणूस असं म्हणतो.

 लाळगे उघड्या ट्रान्सफॉर्मरकडे बघत राहिले. इंदू उठून जवळ गेली. लोखंडी डब्यावरचा रंग पोळून त्याला फोड आले होते. आणि त्या फोडांवर, अगदी मधोमध, एक कुंकू होतं. गोल, ताजं, रेखीव. कुंकवाच्या कडेने मेणाची बारीक चकाकणारी रेघ दिसत होती.

इंदूने नकळत स्वतःच्या कपाळाला बोट लावलं. रोज सकाळी ती आरशासमोर आधी मेण लावायची आणि मग त्यावर कुंकू टेकवायची, म्हणजे ते दिवसभर हलत नाही. समितीत कपाळाला मेण लावणारी ती एकटीच होती. त्यामुळे आपल्यासमोर काय आहे, हे कळलेलंही एकटं तेच माणूस होतं.

मेण वितळलेलं नव्हतं.

२

"ठराव लिहा," आप्पासाहेब म्हणाले. "उमेदवार लाळगे यांच्या अज्ञानामुळे यंत्र जळालं. असा शेरा प्रांतातल्या सगळ्या यंत्रविद्यालयांना कळवावा."

लाळगे आता पहिल्यांदा बोलले. "जागा देऊ नका. तुमचं कॉलेज, तुमची मर्जी. पण हा शेरा मारू नका. मद्रासचं दार मी लावून आलोय. ह्या शेऱ्यावर मला कुणी शाळेतली घंटा वाजवायलासुद्धा ठेवणार नाही."

"अहो, पण जळालं ना?"

"जळालं."

"तुम्हीच बटण दाबलंत ना?"

"मीच."

"मग आणखी काय व्हायला हवं होतं?" आप्पासाहेबांनी वकिलांकडे पाहिलं. वकिलांची मान डोलली.

रविकांत कोपऱ्यात उभा होता. तो म्हणाला, "वाईट वाटतं. पण विषयच असा आहे, जरा चूक झाली की..." आणि पुढे काय होतं ते त्याने हाताने दाखवलं.

इंदूच्या डोक्यात तिडीक गेली. तिने पेन खाली ठेवलं. "मी हे लिहिणार नाही."

 अशी अडचण मंडळाच्या इतिहासात आलेली नव्हती, कारण मंडळाला इतिहासच नव्हता.

"का बरं?"

"हे यंत्र आज जळलेलं नाही. आज नुसता फ्यूज उडाला. मला संध्याकाळपर्यंत चौकशी करू द्या."

आप्पासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. संध्याकाळी सोनं लुटायला गाव सीमोल्लंघनाला जाणार, त्याआधी बंगल्यावर पेढे वाटायचे होते. नाही म्हटलं तर ही बाई विद्यापीठाला काहीबाही कळवेल. हो म्हटलं तर काही बिघडत नव्हतं.

"करा की," ते उदारपणे म्हणाले. "चौकशीला कोण नाही म्हणतंय? निकाल तेवढा बदलू नका."

जाता जाता त्यांनी लाळग्यांच्या हातात आपट्याचं पान ठेवलं. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा."

लाळग्यांनी ते पान जळालेल्या ट्रान्सफॉर्मरवर ठेवलं आणि ते इंदूला हळूच म्हणाले, "बाई, अष्टमीला इथंच चालवून पाहिला होता मी. छान गुणगुणत होता. चालणारा ट्रान्सफॉर्मर भुंग्यासारखा गुणगुणतो. मधल्या दिवसात त्याला काय झालं?"

"तेच विचारायला चाललेय."

"पण विचारणार कुणाला? नवमीला तर गावात वीजच नव्हती."

इंदू दारात थांबली. बरोबर होतं. विजेवाचून विजेचं यंत्र जळतं कसं?

३

मंडळाचे हेडक्लार्क नृसिंहराव देवचक्के दारातल्या बाकावर बसून पायाला तेल चोळत होते. खोलीची किल्ली त्यांच्याकडे असे. ती ते जानव्याला बांधत, आणि आंघोळीलाही सोडत नसत.

"नृसिंहराव, काल पूजा तुम्ही केलीत?"

"मीच. साग्रसंगीत. पहिल्यांदा घंटा, मग टंकयंत्र, मग ते लाळग्यांचं धूड."

"कुंकू कसं लावलंत?"

"कसं म्हणजे? हळद-कुंकू पाण्यात कालवलं आणि अंगठ्याने उभं ओढलं. यंत्राला काय टिकली लावायची?"

"मेण लावलंत?"

नृसिंहरावांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने त्यांना बांगड्या भरल्यात का असं विचारलं होतं.

"बरं. त्यानंतर खोली उघडली कुणी?"

"कुणी नाही! कुलूप लावल्यानंतर काल दिवसभर मी किल्लीला हात लावलेला नाही. हवी तर गणपतीची शपथ घेतो."

"हात लावला नाहीत? जानव्याला तर होती ना?"

नृसिंहरावांचा चेहरा सात्त्विक झाला. "बाई, काल खंडेनवमी होती. कारकुनाची हत्यारं कुठली? टाक, शिक्का आणि किल्ली. ती मी दरवर्षी गावाबाहेर सावेडीला, आप्पासाहेबांच्या बंगल्यातल्या देवघरात नेऊन ठेवतो. पूजा होते. दसऱ्याच्या सकाळी उचलून आणतो. पूजेतलं हत्यार मधे कोण उचलेल?"

"कोण उचलेल?" इंदूने विचारलं.

"कुणी नाही," नृसिंहराव म्हणाले आणि अचानक दुसरा पाय चोळू लागले. थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "बाई, हे सगळं तुम्ही माझ्या नावावर लिहिणार का?"

"तुम्हाला काही दिसलं का?"

"मी बंगल्यावरच्या पुरणपोळ्या खाऊन ओसरीवर लवंडलो होतो. खंडेनवमीला मीसुद्धा बंद असतो."

तिथून इंदू वीजघरात गेली. इंजिनवाला मच्छिंद्र दारातच होता. इंजिनावर झेंडूची माळ अजून लोंबत होती. सकाळपासून त्याच्याकडे माणसं येऊन गेली होती, कारण गावात कुणीतरी उठवून दिलं होतं की मच्छिंद्राने जास्त वीज सोडली.

"जास्त सोडली म्हंत्यात!" मच्छिंद्र उसळून म्हणाला. "वीज हाय का ती, का दूध? गवळ्यावानी माप घालू का मी? समद्या गावातले दिवे ठीक हायेत. मंग जास्तीची वीज काय मंडळाच्याच खोलीचा पत्ता इचारीत गेली?"

"काल इंजिन अजिबात चालू केलं नव्हतंस?"

"न्हाई बाई! खंडेनवमीला? देवाची भीती हाय का न्हाई? समदं गाव कंदिलावर हुतं. इस्पितळात बी कंदील. देवळात बी कंदील." तो थांबला. मग कडवटपणे हसला. "एक सावेडीचा मळा सोडून. तिथं काल लई उजेड हुता. छपरावर चढलो तर इथनं दिसत हुता."

"सावेडीत तर तुमची तार जातच नाही."

"न्हाईच जात. आप्पासाहेबांची सोताची वीज हाय. त्यांची वीज येगळी, आमची येगळी."

"वेगळी म्हणजे कशी?" इंदूने विचारलं. तिला ठाऊक होतं, पण तिला ते कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

"आमची वीज झोक्यावानी म्होरं-मागं, म्होरं-मागं. एसी. त्यांची आपली ओढ्याच्या पान्यावानी, येका अंगानं वाहनारी. डीसी. दिव्याला दोनी चालत्यात बाई. दिव्याला काय कळतंय?"

दिव्याला कळत नाही. पण ट्रान्सफॉर्मरला कळतं. हे इंदू दरवर्षी मॅट्रिकच्या मुलींना फळ्यावर काढून शिकवायची. पुढेमागे हेलकावणारी वीज असेल तरच ट्रान्सफॉर्मर चालतो. एका दिशेने वाहणारी वीज त्यात सोडली तर तो गुणगुणत नाही, काही नाही. नुसता तापत जातो आणि जळतो.

इंदूने टांगा बोलावला आणि टांगेवाल्याला सावेडीचा रस्ता सांगितला.

४

आप्पासाहेबांच्या बंगल्यात भर दुपारी दिवे लागलेले होते. ते लावता येतात, हे येणाऱ्याला दिसावं एवढाच त्याचा उपयोग. इंदूला बघून आप्पासाहेब हसत बाहेर आले.

"या! झाली चौकशी?"

"एकच विचारायचंय. काल खंडेनवमी, तुमचं इंजिन बंद असेल. मग दिवे कसे?"

"बंद म्हणजे! हात लावू दिला नाही कुणाला." त्यांनी अभिमानाने मागचं दार उघडलं. आत काचेच्या बरण्यांमध्ये बॅटऱ्यांच्या ओळीच्या ओळी मांडलेल्या होत्या. "इंजिन अष्टमीला चालवून ह्या भरून ठेवल्या. गुरुजींना विचारूनच. इंजिन म्हणजे यंत्र, त्याला विसावा. बॅटरी हे भांडं. भांड्यातलं पाणी नवमीला प्यायला शास्त्राची हरकत नाही."

"म्हणजे काल सगळ्या नगरात फक्त ह्या घरात वीज होती."

"फक्त ह्या घरात!" आप्पासाहेब छाती फुगवून म्हणाले, आणि त्याच छातीने पंक्तीची व्यवस्था बघायला निघून गेले.

इंदू निघाली तेव्हा प्रेमला आडवी आली. आप्पासाहेबांची एकुलती मुलगी, रविकांतची बायको. काही वर्षांपूर्वी इंदूच्याच वर्गात होती. पहिल्या बाकावर बसायची आणि प्रश्न विचारून भंडावून सोडायची. आता मान खाली घालून उभी होती.

"बाई, सणाच्या दिवशी तशाच जाऊ नका. कुंकू लावते."

तिने फणी-करंड्याची पेटी आणली आणि मेणाची डबी उघडली. मेणात मोठा खड्डा पडला होता. बोटभर, खोल.

इंदूने डबी हातात घेतली. "प्रेमला, एका कपाळाला एवढं मेण लागत नाही."

प्रेमलाचा हात थांबला. तिने कुंकवाचा करंडा खाली ठेवला. मग एकदम म्हणाली, "लोखंडाला लागतं. धरतच नाही हो बाई. रंगाला फोड आलेले, त्यावर कितीदा लावलं, घसरायचं."

"रविकांतने आणलं होतं?"

"देवघरातली किल्ली उचलली. पूजेतली! म्हणाले, उद्या मलाही हेच दाखवावं लागलं तर? जरा बघून ठेवतो. आणि जोडलं त्या बॅटऱ्यांना. मी सांगितलं बाई! तुम्ही शिकवलं होतं, मला आठवत होतं. म्हटलं, अहो, हे यावर चालत नाही, जळेल. तर म्हणाले, तू कुंकू-करंड्याचं बघ."

"मग?"

"मग काय. आवाज नाही, काही नाही. नुसता वास. आणि धूर. ह्यांनी तसंच उचलून परत नेऊन ठेवलं." प्रेमलाच्या डोळ्यांत पाणी आलं. "पण बाई, खंडेनवमी! विसावा घेणारं यंत्र, त्यातून दुसऱ्याचं, आणि आमच्या घरात जळालं. पहिलं कुंकूही जळून गेलं होतं. मी टांग्यात मागोमाग गेले. हळद लावली, कुंकू लावलं, पाया पडले. माफी मागितली त्याची. दुसरं काय करणार होते मी?"

गुन्हा केलेल्याने माफी मागितली नव्हती. न केलेलीने मागितली, आणि तीही लोखंडाची.

"संध्याकाळी समितीसमोर हे सांगशील?"

प्रेमलाने मान हलवली. "माझं नाव घेऊ नका बाई. मला ह्याच घरात राहायचंय."

इंदूने कपाळ पुढे केलं. "लाव कुंकू. नाही घेणार तुझं नाव."

टांग्यात बसल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपल्या हातातला एकुलता एक साक्षीदार आपणच सोडून दिलाय. आता उरलं होतं फक्त मेण. आणि समितीला मेण म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं.

५

संध्याकाळी समिती बंगल्यावर बसली. डोक्यावर बॅटरीचे दिवे. मधे टेबलावर जळालेला ट्रान्सफॉर्मर, शेजारी पेढ्यांचं ताट. शामकांत वकील आधीपासूनच संमतीच्या अवस्थेत होते.

"हं, सबनीसबाई," आप्पासाहेब म्हणाले. "थोडक्यात."

"थोडक्यातच आहे." इंदू उभी राहिली. "ह्या डब्यावर मेणाने चिकटवलेलं कुंकू आहे. आज सकाळी यंत्र जळालं असतं, तर मेण वितळून कुंकू खाली ओघळलं असतं. ते जागचं हललेलं नाही. म्हणजे आज हे तापलंच नाही. आणि कुंकू पोळलेल्या रंगाच्या वर आहे. म्हणजे आधी जळालं, मग कुंकू लागलं. अष्टमीला हे चालत होतं. तेव्हा जळालं ते नवमीला."

"नवमीला वीज नव्हती," नृसिंहराव दारातून म्हणाले.

"एका घरात होती. हे आप्पासाहेबांनी स्वतः मला सांगितलं. आणि किल्लीही काल त्याच घरात होती. हे तुम्ही सांगितलंत."

नृसिंहराव दाराच्या पलीकडे गेले.

आप्पासाहेबांची मिशी थरथरली. "मेण लावलं कुणी?"

"त्याला महत्त्व नाही. ज्याने लावलं त्याला लाज होती, एवढं पुरे. जाळलं कुणी ते बघू." ती रविकांतकडे वळली. "वाळिंबेसाहेब, तुमची प्राध्यापक म्हणून निवड होणार आहे. झालेली नाही, होणार आहे. तुम्हाला कुणी एकही प्रश्न विचारलेला नाही. मी एक विचारू?"

"विचारा की," रविकांत पेढा मोडत म्हणाला.

"हा ट्रान्सफॉर्मर चांगला असता, आणि तो ह्या बंगल्यातल्या विजेवर जोडला असता, तर काय झालं असतं?"

रविकांत खुशीत आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला येणारा प्रश्न पडला होता. "सोपं आहे! काहीच ऐकू येत नाही. गुणगुणत बिणगुणत नाही. आपल्याला वाटतं चालूच झाला नाही. मग हात लावला तर चटका. मग वास येतो, उग्र, लाख करपल्यासारखा. आणि मग झाकणाच्या डाव्या फटीतून धूर..."

तो थांबला. खोलीत सगळे थांबले होते. फक्त दिवे चालू होते.

लाळगे हळूहळू उठले. त्यांनी डब्याच्या झाकणाची डावी फट बोटाने चाचपली. तिथे काजळी होती. "जळेल, एवढं पुस्तकात असतं," ते म्हणाले. "डाव्या फटीतून धूर येतो हे पुस्तकात नसतं. असा ट्रान्सफॉर्मर जगात एकच आहे. आणि पहिल्या वर्षाच्या पोराला विचारा, तो सांगेल की ह्या विजेवर हा जोडायचा नसतो. मला राग आहे तो यंत्र जळाल्याचा नाही. ज्याला हे माहीत नाही तो हेच शिकवणार, ह्याचा."

"मी सांगितलं होतं."

आवाज दारातून आला. प्रेमला चहाचा ट्रे घेऊन उभी होती. कप वाजत होते. "आप्पा, मी ह्यांना सांगितलं होतं. आणि कुंकू मी लावलं. बाईंनी माझं नाव घेतलं नाही, म्हणून मीच घेते."

इंदूला वाटलं, आता छप्पर कोसळेल. आप्पासाहेबांनी डोळे मिटले.  उघडले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला होता.

"म्हणजे पूजा झाली!" ते म्हणाले. "घरच्या लेकीने क्षमा मागितली. दोष गेला. विषय संपला. आणि बाई, तुम्हीच सिद्ध केलंत की रविकांतरावांना प्रत्यक्ष अनुभव आहे. लाळग्यांनी आयुष्यात कधी डीसीवर ट्रान्सफॉर्मर जाळलाय?"

"नाही," लाळगे म्हणाले.

"बघा. अनुभवात कमी पडले."

"आप्पासाहेब!" इंदू ओरडली. "ज्याने दुसऱ्याचं यंत्र चोरून जाळलं, ज्याला त्याच्या बायकोएवढंही येत नाही, त्याला तुम्ही..."

"नेमणूक तर झालेलीच आहे," आप्पासाहेब सौम्यपणे म्हणाले. आता त्यांना आठवलं होतं. "तुमच्याच अक्षरात आहे. वकीलसाहेब?"

मान डोलली. पेढे फिरले.

"आणि शेरा?" लाळग्यांनी विचारलं. त्यांनी सकाळपासून दुसरं काही मागितलंच नव्हतं.

"तो बदलू. आम्ही अन्यायी नाही. 'अज्ञानामुळे' खोडा, 'दैवी कोपामुळे' लिहा."

"देवाचा कोप झालेल्याला वीज शिकवायला कोण ठेवील?"

आप्पासाहेबांनी विचार केला. "देवळात बघा," ते म्हणाले.

लाळग्यांनी ट्रान्सफॉर्मर पेटीत ठेवला. पेटी बंद करून ते निघणार, तशी प्रेमला पदराने ते कुंकू पुसायला पुढे झाली. त्यांनी तिचा हात अडवला. इतका वेळ जपून बोललेली पुस्तकी भाषा त्यांच्या तोंडून गळून पडली.

"ऱ्हाऊ दे, लेकी. ह्ये मी पुसनार न्हाई. ह्या गावात माजी माफी मागनारं येकच मानूस निघालं, त्याची खून हाय ती."

प्रेमलाने पेढ्याचं ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं. रविकांतचा हात पेढ्यासाठी पुढे झाला होता तो तसाच राहिला. समितीचा त्या दिवशी कुणी केलेला निषेध तेवढाच.

६

इंदू रात्रीचं जेवण न करता लिहायला बसली. तिने तीन कागद फाडले, कारण तीनही कागदांवर शिव्या उतरल्या होत्या. चौथा असा होता:

"माननीय शिक्षणाधिकारी यांच्या सेवेशी,

विषय : निवड समितीच्या देखभालीबाबत.

महोदय,

खाली सही करणारी सदर समितीची शास्त्र जाणणारी सभासद आहे. समितीचे काम जवळून पाहिल्यावर ती पुढील निष्कर्षास आली आहे. समिती हे यंत्र आहे. तिच्यात कोणतीही वीज सोडली तरी निकाल एकच येतो. ती गुणगुणत नाही, आतून तापत जाते, आणि जळते ते नेहमी दुसऱ्याचे असते.

सबब विनंती की, श्री. गहिनीनाथ लाळगे यांच्या नावावरील शेरा खोडून तो यंत्राच्या खऱ्या दोषासह समितीच्या नावावर चढवावा. तसेच येत्या खंडेनवमीस अध्यक्षांसह संपूर्ण समिती पाटावर मांडून तिची हळद-कुंकू वाहून यथाविधी पूजा करावी, आणि रिवाजाप्रमाणे तिला विसावा द्यावा. विसाव्याची मुदत लाळगे यांचा शेरा खोडला जाईपर्यंत ठेवावी. तोवर शामकांत वकील यांची मान कापडाने बांधून ठेवावी.

कुंकू घट्ट बसावे म्हणून लागणारे मेण अर्जदार स्वतः पुरवील. ते वितळल्यास समिती चालू आहे असे समजून त्वरित कळवावे.

आपली विश्वासू,
इंदू सबनीस

ता. क. : अर्जाची पोच मिळावी."